जोडीदाराची वयस्क कुत्री आणि दोघांचं घर: नियम कसे बसवायचे

मी जोडीदाराबरोबर राहायला आले तेव्हा त्याच्या घरात दोन कुत्री आधीपासून होती. चिंगी दहा वर्षांची, भुऱ्या आठ वर्षांचा. पहिल्याच संध्याकाळी भुऱ्यानं माझ्या बॅगेवर पाय वर केला. जेवताना चिंगीनं माझ्या मांडीवर पंजे ठेवून सरळ ताटात तोंड घातलं. रात्री दोघंही पलंगावर आडवी पसरली आणि उठवायला गेल्यावर भुऱ्या गुरगुरला. जोडीदार म्हणाला, "अगं, ती पहिल्यापासून अशीच आहेत."

मला त्या वाक्याचा राग आला होता. पण त्यातच सगळं उत्तर होतं, हे कळायला मला बरेच दिवस गेले. त्या दोघांनी कुठलाच नियम मोडला नव्हता, कारण त्या घरात नियम नव्हताच. दहा वर्षं ताटातला घास मिळत आला असेल तर ताटात तोंड घालणं हीच चिंगीच्या लेखी शिस्त. बेशिस्त म्हणून त्यांना सुधारायला गेलात तर घरात रोज भांडण होईल, तेही बहुतेक माणसांचं. नवीन घराची नवीन रीत शिकवायची आहे असं समजून सुरुवात केलीत तर काम खूप हलकं होतं.

पहिला आठवडा: बदल नको, नोंद हवी

एक वही घ्या. कुत्र्यानं नकोसं काही केलं की तीन गोष्टी लिहा: त्याच्या आधी काय झालं, कुत्र्यानं काय केलं, आणि त्यातून त्याला काय मिळालं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. भुऱ्या रोज पहाटे साडेपाचला भुंकायचा. वहीत दिसलं की सातही दिवस कोणीतरी वैतागून उठलं होतं आणि दार उघडून त्याला बाहेर सोडलं होतं. आम्हाला वाटायचं तो त्रास देतोय. खरं तर आम्हीच त्याला रोज भुंकण्याचं बक्षीस देत होतो.

या आठवड्यात तुमचं स्वतःचं काम एकच: कुत्र्यांच्या लेखी चांगलं माणूस होणं. अंगावर वाकू नका, डोक्यावरून हात फिरवायची घाई करू नका. जमिनीवर जरा तिरकं बसा, येऊ दे त्यांना हुंगायला. येता-जाता एखादा खाऊचा तुकडा टाका आणि पुढे चला. रागावणं, हाकलणं, सोफ्यावरून उतरवणं यातलं काहीही तुम्ही करू नका. ज्या माणसानं अजून काहीच चांगलं दिलेलं नाही, त्यानं घातलेली बंदी कुत्र्याला धमकीच वाटते.

नियमांच्या आधी डॉक्टर

कुत्रा लहान असता तर ही पायरी एवढी महत्त्वाची नसती. सात-आठ वर्षांपुढच्या कुत्र्यात मात्र "वाईट सवय" म्हणून जे दिसतं त्यातलं बरंचसं दुखणं असू शकतं. म्हणून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे वही घेऊन जा आणि संपूर्ण तपासणी मागा: रक्त, लघवी, सांधे, दात, डोळे, कान.

घरात लघवी होण्यामागे मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असू शकतो. पाणी पिणं एकदम वाढलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि घरी पाणी तोडू नका. नसबंदी झालेल्या काही माद्यांची उतारवयात झोपेत लघवी गळते. अंथरूण ओलं दिसतं, पण तिला स्वतःला पत्ताही नसतो. त्यावर औषध आहे. ती चूक नाही, त्यामुळे प्रशिक्षणानं ती जाणारही नाही.

पलंगावरून उतर म्हटल्यावर गुरगुरणाऱ्या कुत्र्याचे सांधे दुखत असतील. हाक मारल्यावर न येणारा कुत्रा हट्टी नसेल, त्याला ऐकू येत नसेल. रात्री घरभर येरझाऱ्या घालणं, दार उघडतं त्याच्या उलट्या बाजूला जाऊन उभं राहणं, कोपऱ्यात अडकणं, ही मेंदूच्या वार्धक्याची लक्षणं असू शकतात. माणसांतल्या स्मृतिभ्रंशासारखाच हा प्रकार कुत्र्यांतही होतो, आणि लवकर लक्षात आला तर औषधांनी आणि आहारानं त्यांचे दिवस सुसह्य होतात.

भुऱ्याच्या गुरगुरण्याचं कारण दोन्ही खुब्यांतला संधिवात निघालं. वेदनाशामक सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत तो पलंगावरून स्वतःहून उतरायला लागला. नियम अजून सुरूही झाले नव्हते. (आपल्या घरातली दुखण्याची गोळी मात्र कुत्र्याला कधीही देऊ नका. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल त्यांना विषारी ठरू शकतं.)

जोडीदाराशी बोलणी

सगळ्यात अवघड टप्पा हा आहे, आणि तो कुत्र्यांशिवाय पार पाडायचा आहे.

तुमच्या आधी ही कुत्री तुमच्या जोडीदाराची सोबत होती. कदाचित एखाद्या वाईट काळात रात्री पायाशी झोपायला तीच होती. "तुझी कुत्री बिघडलेली आहेत" असं म्हटलंत की ऐकणाऱ्याला ते "तू त्यांना नीट वाढवलं नाहीस" असंच ऐकू येतं. म्हणून तक्रारीनं सुरुवात करू नका. मला काय जमत नाहीये, माझी झोप कशी मोडते, जेवताना मला कशाची भीती वाटते, हे सांगा. आणि विचारा: तुला यातलं काय सोडवणार नाही? माझ्या जोडीदाराला सकाळचा चहा पलंगावर, दोन्ही कुत्र्यांना कुशीत घेऊन प्यायचा होता. ते मी मान्य केलं. रात्रीचा पलंग मात्र माणसांचा.

अशी अर्धी परवानगी चालते का? चालते, पण कुत्र्याला ती दिसायला हवी. आम्ही एक जुनी निळी चादर ठरवली. ती पसरली की पलंगावर यायचं, ती नसेल तर आपल्या गादीवर. दोघांना हे तीन आठवड्यांत पक्कं कळलं. "कधीकधी चालतं, आपल्या मूडवर" हा नियम मात्र कुठल्याच कुत्र्याला कळत नाही.

यादी लहान ठेवा. आमची अकरा नियमांनी सुरू झाली, शेवटी चार उरले. आणि प्रत्येक नियम कुत्र्यानं काय करायचं या भाषेत लिहा. "सोफ्यावर चढायचं नाही" यातून कुत्र्याला काहीच शिकवता येत नाही. "सोफ्याशेजारच्या गादीवर झोपायचं" हे शिकवता येतं. "पाहुण्यांवर उड्या नको" याऐवजी "पाहुणे आले की स्वयंपाकघराच्या जाळीच्या फाटकामागे, मग चारही पाय जमिनीवर ठेवून भेट".

मग शब्द ठरवा. आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ "खाली" या शब्दाचा होतो. सोफ्यावरून उतर म्हणायला "खाली", आडवा पड म्हणायला "खाली", अंगावर उडी मारली तरी "खाली". कुत्र्यानं यातलं नेमकं काय करायचं? एका कृतीला एक शब्द: उतरायला "उतर", आडवं पडायला "झोप", गादीवर जायला "जागेवर", तोंडातली वस्तू सोडायला "सोड", आणि काम संपलं हे सांगायला "झालं". कागदावर लिहून फ्रिजवर लावा. घरातल्या प्रत्येकानं तेच शब्द वापरायचे. सोबत हाताची खूणही ठरवा, कारण पुढे ऐकू येणं कमी झालं की खूणच कामाला येते.

शेवटचा मुद्दा: पहिले तीन-चार आठवडे नवीन मर्यादा जोडीदारानं घालायच्या, तुम्ही नाही. तुम्ही खाऊ द्या, फिरायला न्या. शिस्तीचं सगळं ओझं नव्या माणसावर पडलं तर कुत्री त्याला टाळायला लागतात, आणि जोडीदार नकळत त्यांच्या बाजूनं उभा राहतो.

घराची मांडणी

शिकवण्याआधी चूक करायची संधीच कमी करा. ओट्यावर उघडं अन्न नको, कचऱ्याचा डबा झाकणाचा आणि कपाटात. ओट्यावरून एकदा काही मिळालं की पुढचे कित्येक दिवस कुत्रा तिथे हजेरी लावतो. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेल्या गोळ्या तोंड पोचणार नाही अशा जागी ठेवा. हे सगळं कुत्र्यांना विषारी आहे. स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी असतं तसं जाळीचं फाटक लावा. आम्ही केलेल्या सगळ्या खर्चात हा सर्वांत सार्थकी लागला.

वयस्क कुत्र्यासाठी गुळगुळीत फरशी हा मोठाच छळ आहे. त्यांच्या नेहमीच्या वाटेवर न सरकणाऱ्या चटया टाका. पलंगावरची किंवा सोफ्यावरची जागा काढून घेणार असाल तर बदल्यात त्याहून चांगली जागा द्या: जाड, सांध्यांना आधार देणारी गादी, भिंतीकडेला, जिथून घरातली माणसं दिसतील अशी. पातळ पोतेरं टाकून "ही तुझी जागा" म्हटलं तर तो पुन्हा सोफ्यावरच जाणार, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

पहिला धडा: "जागेवर"

एकच गोष्ट शिकवायला वेळ असेल तर ही शिकवा. जेवणं, दारावरची घंटा, पाहुणे, तुमचं काम, सगळीकडे तीच उपयोगी पडते.

एका वेळी एकच कुत्रा घ्या, दुसरा बंद दाराआड. गादी जमिनीवर पसरा. कुत्रा नुसतं तिच्याकडे बघेल, हुंगेल, एक पाय ठेवेल, प्रत्येक वेळी लगेच, म्हणजे सेकंदाभरात, शाबासकीचा शब्द आणि खाऊचा वाटाण्याएवढा तुकडा. तुकडा हातातून भरवू नका, गादीवर ठेवा. खाऊ तुमच्याकडून नाही, त्या जागेतून येतो असं त्याला वाटायला हवं. चारही पाय गादीवर आले की एकामागोमाग तीन-चार तुकडे. मग "झालं" म्हणा आणि एक तुकडा लांब टाका, म्हणजे तो उठेल आणि पुन्हा परत येईल.

तो स्वतःहून गादीकडे धावायला लागला की मगच "जागेवर" हा शब्द जोडा. आधी शब्द, मग ओढत नेणं, असं केलं तर त्या शब्दाचा अर्थच "ओढत नेणार" असा होतो.

यानंतर वेळ वाढवा: दोन सेकंद, पाच, दहा. वेळ जमल्यावर अंतर वाढवा, एक पाऊल मागे जा आणि परत येऊन खाऊ द्या. अंतर जमल्यावरच गडबड आणा: ताट मांडणं, दार वाजवणं. तिन्ही एकदम वाढवू नका. कुत्रा उठला तर ओरडू नका; तुम्ही जास्त मागितलंत एवढाच त्याचा अर्थ, पुढच्या वेळी कमी मागा. तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, एवढं पुरे. म्हातारी कुत्री लवकर थकतात. आणि ज्याचे खुबे दुखतात त्याच्याकडून "बस-ऊठ" करून घेऊ नका, तो गादीवर उभा राहिला तरी चालेल.

दिवसभरातला वरखाऊ एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा. सोपा उपाय म्हणजे रोजच्या जेवणातलाच वाटा बाजूला काढायचा.

"कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच" ही म्हण आपण सगळेच ऐकत आलो आहोत, आणि वयस्क कुत्र्याबद्दल बोलताना हमखास कोणीतरी ती म्हणतंच. पण शेपटीचा बाक हाडांत असतो. ताटात तोंड घालणं हाडांत नसतं. जे शिकल्यामुळे आलं ते दुसरं शिकल्यानं बदलतं. चिंगीला दहाव्या वर्षी "जागेवर" यायला बारा दिवस लागले.

दुसरा सल्ला मिळेल तो "मालक कोण ते दाखवून दे" असा. कळपात वर्चस्वासाठी झगडा चालतो आणि जिंकेल तो म्होरक्या, ही त्यामागची कल्पना बरीचशी बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांतून आली. लांडग्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये ती मांडली होती. पुढे मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिलेले डेव्हिड मीच यांनी 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं असं कुटुंबच असतं. कुत्र्याला पाठीवर उलथं दाबणं, मानगूट धरणं, नाकावर मारणं यातून शिस्त येत नाही. वेदना असलेला, घाबरलेला वयस्क कुत्रा अशा वेळी चावतो.

घरातली शू

डॉक्टरांनी आजार नाही असं सांगितल्यावर अगदी पिल्लासारखी सुरुवात करा. उठल्यावर, जेवल्यावर, खेळल्यावर, झोपण्याआधी आणि मध्ये दर दोन-तीन तासांनी बाहेर. नुसतं दार उघडून सोडू नका, बरोबर जा, आणि शू संपताक्षणी तिथेच खाऊ द्या. घरात परत आल्यावर दिलेला खाऊ हा घरात आल्याचा खाऊ ठरतो.

तुमचं लक्ष नसेल तेव्हा कुत्रा फाटकाच्या आत किंवा पट्ट्यानं तुमच्याजवळ असू द्या. घरात झालंच तर न बोलता साफ करा. त्यात नाक घासायला लावलं तर तो एवढंच शिकतो की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग तो बाहेर तुमच्या देखत करत नाही आणि घरात सोफ्यामागे जाऊन करतो. साफ करायला एन्झाइम असलेलं क्लीनर वापरा. अमोनियाचा वास असलेली द्रावणं टाळा, तो वास लघवीच्या जवळचा असतो.

उभ्या वस्तूवर, थोडीशीच लघवी असेल तर ते वास ठेवणं आहे. नवीन माणूस, नवीन सामान आलं की नरांमध्ये ते वाढतं. माझ्या बॅगेचं तेच झालं होतं, पण मी तो अपमान समजले. तुमचं सामान काही दिवस उंचावर ठेवा. नराची नसबंदी झाली नसेल तर डॉक्टरांशी बोला. मात्र वर्षानुवर्षांची सवय त्यानं पूर्ण जाईलच असं नाही.

जेवणाचं ताट

कुत्र्यांना माणसांच्या आधी जेवू घाला. माणसं जेवताना त्यांना गादीवर चघळायला काहीतरी द्या. ताटातून काहीही नाही. कधीही नाही.

हा "कधीही" इतका ठामपणे सांगण्याला कारण आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की अधूनमधून, कधी मिळेल याचा नेम नसलेलं बक्षीस थांबलं तरी ती सवय फार चिवटपणे टिकून राहते. सहा दिवस नकार आणि सातव्या दिवशी "बिचारी बघतेय गं" म्हणून एक घास, याचा अर्थ चिंगीनं इतकाच लावला की सहा दिवस धीर धरावा लागतो. घास देणं बंद केल्यावर आधी मागणं वाढतंही: जास्त भुंकणं, पाय मारणं, रडवेला आवाज. आमच्याकडे चौथ्या दिवशी ते टोकाला गेलं. जोडीदारानं हात पुढे केला आणि मी त्याचा हात धरला. त्या क्षणी दिलं असतं तर तिला कळलं असतं की एवढ्या मोठ्यानं मागितलं की मिळतं.

जोडीदाराला हातानं काही भरवायचंच असेल तर जेवण झाल्यावर, कुत्र्याच्या वाटीत, गादीजवळ. प्रेम दाखवायची जागा बदलते, एवढंच.

दार, पाहुणे, आणि दोघं एकत्र

घंटा वाजली की खाऊची मूठ फाटकामागे जमिनीवर विखुरायची, फाटक लावायचं, मग दार उघडायचं. कुत्रा निवळला की पट्टा लावून भेट. पाहुण्यांना आधीच सांगा: उडी मारली तर पाठ फिरवा, चारही पाय खाली असतील तरच हात लावा.

दोन कुत्री एकमेकांना चेव आणतात, म्हणून धडे आधी वेगवेगळे, मग एकत्र. वाट्या नेहमी वेगळ्या जागी, मध्ये फाटक किंवा दार. खाऊवरून, गादीवरून, जोडीदाराच्या कुशीवरून चकमक होत असेल तर "त्यांचं ते बघून घेतील" म्हणून सोडू नका.

गुरगुरणं थांबवू नका

गुरगुरणं ही सूचना आहे. त्याच्याही आधी कुत्रा अंग ताठ करतो, ओठ चाटतो, तोंड फिरवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. गुरगुरल्याबद्दल मार मिळाला तर तो गुरगुरणं सोडतो, भीती सोडत नाही. मग चावा सूचनेशिवाय येतो. गुरगुरला की तुम्ही मागे व्हा, आणि कशावरून झालं ते वहीत लिहा. तोंडातली वस्तू हिसकावू नका, जास्त चांगली वस्तू देऊन बदला करा. दातांनी कातडी फाटली असेल, किंवा घरात लहान मूल असेल आणि कुत्रा त्याच्याभोवती ताठ होत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडून वर्तनतज्ज्ञाचा पत्ता घ्या. निवडताना एवढं पाहा की तो बक्षिसानं शिकवतो, शॉकचे किंवा काट्यांचे पट्टे वापरत नाही.

नियम पुन्हा उघडून पाहा

आमचे चार नियम बसायला साधारण तीन महिने लागले. मध्ये एकदा जोडीदार आजारी पडला आणि सगळं मागे गेलं; पुन्हा पहिल्या आठवड्याच्या पायरीवर जाऊन दहा दिवसांत सावरलं. दर तीन महिन्यांनी दोघांनी बसून फ्रिजवरचा कागद वाचायचा, असं आम्ही ठरवलं आहे.

चिंगी आता बारा वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यात ती रात्री उठून अंधारात घरभर फिरायला लागली, भिंतीसमोर जाऊन थांबायची. औषध सुरू झालं, पण बाहेरच्या खोलीत एकटी झोपणं तिला जमेना. रात्री कुत्री बाहेरच्या खोलीत, हा नियम मी मागून घेतलेला होता. त्या कागदावरचा तो मीच खोडला. तिची गादी आता माझ्या बाजूला, पलंगाला लागून आहे, शेजारी एक मंद दिवा. ती उठली की मी हात खाली सोडते. हुंगते आणि पुन्हा पडते.